फ्रिज थांबतच नाही? गॅस भरण्याआधी बर्फ कुठे जमतो ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, टिनाचं घर, १९० लिटरचा एका दाराचा फ्रिज, सात वर्षं जुना. होळीपासून कॉम्प्रेसर बंदच होत नाही. वर फ्रीझरमध्ये बर्फाचा ढीग साचतो आणि खाली मात्र दूध दुसऱ्याच दिवशी नासतं. मेकॅनिकने दार उघडून पाहिलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "गॅस कमी झाला, भरून घ्या." भरावा का?

लगेच नको. गाडीतल्या पेट्रोलसारखा फ्रिजचा गॅस वापरून संपत नसतो. नळ्या बंद असतात, तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि ते भोक न शोधता भरलेला गॅस दिवाळीपर्यंत पुन्हा गेलेला असेल. तुमच्या लक्षणांना गॅस हे एक कारण असू शकतं, पण तशीच लक्षणं दाराच्या रबरामुळे किंवा थंडी ओळखणारी सेन्सर नळी सरकल्यामुळेही दिसतात. कोणतं कारण आहे ते एका रात्रीत आणि एका सकाळी कळतं. त्याला मेकॅनिक लागत नाही.

त्याआधी एक खात्री करा. फ्रिज खरोखर जास्त चालतोय, की उन्हाळ्यामुळे तसं वाटतंय? हिवाळ्यात खोली २२ अंश आणि फ्रिजच्या आत ५, म्हणजे फरक १७ अंशांचा. मे महिन्यात टिनाखाली ४४ अंश असले तर फरक ३९ चा. आत शिरणारी उष्णता दुपटीहून जास्त होते. शिवाय मागच्या जाळीला ती उष्णता आधीच तापलेल्या हवेत फेकायची असते, त्यामुळे कॉम्प्रेसरची ताकदही घटते. फ्रिजच्या माहितीपत्रकात हवामानाचा वर्ग दिलेला असतो. 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८, 'टी' म्हणजे ४३. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा यातल्या शेवटच्या वर्गाच्याही वर जातो. म्हणून मेअखेरच्या नवतप्यात दुपारी बारा ते सहा फ्रिज अखंड चालला तर तो बिघाड समजू नका.

खरी परीक्षा पहाटेची. रात्री दहानंतर दार उघडू नका, गरम काही ठेवू नका, आणि चार ते सहाच्या दरम्यान कान द्या. त्या वेळी तो दोनतीनदा तरी थांबायला हवा. पहाटेही सलग चालत असेल तर दोष आहे. तुमचा मार्चपासूनच थांबत नाही, म्हणजे दोष आहे असंच धरून चाला. (फ्रिजवर 'इन्व्हर्टर कॉम्प्रेसर' लिहिलेलं असेल तर हिशेब वेगळा. तो मुद्दाम कमी वेगाने सतत चालवलेला असतो, त्याचं न थांबणं हे दुखणं नव्हे.)

कानावर भरवसा नसेल तर विजेच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा पाहा. मीटरवर ३२०० असा आकडा छापलेला असेल तर ३२०० लुकलुकींचं एक युनिट होतं. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त फ्रिज चालू ठेवा. मिनिटाला एक लुकलुक म्हणजे सुमारे १९ वॅट. पाच-सहा लुकलुकी आल्या तर कॉम्प्रेसर चालू आहे, साधारण १०० वॅट घेतोय. हाच फ्रिज अखंड चालला तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. अर्धा वेळ चालला तर ३६. मीटरवर दुसरा आकडा असेल, १६०० किंवा ६४००, तर त्या प्रमाणात मोजा.

आता मुख्य परीक्षा. संध्याकाळी फ्रिज रिकामा करा आणि पिन काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. फ्रीझरमध्ये एक जाड फडकं अंथरून त्यावर गंजभर गरम पाणी ठेवा, दार पुढे ओढून घ्या. अर्ध्या तासाने पाणी बदला. बर्फ स्वतःहून सुटेल. सुरी, उलथनं, पेचकस काही लावू नका. फ्रीझरची ती पांढरी पेटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि गॅसच्या वाटा त्या पत्र्यातच असतात. टोक लागलं की 'फुस्स' आवाज येतो आणि पाच मिनिटांत फ्रिज रिकामा. गॅस जाण्याचं एक नेहमीचं कारण ही सुरीच आहे. बर्फ निघाल्यावर आतला पाणी जाण्याचा मार्ग मोकळा करा, सगळं पुसा आणि रात्रभर दार उघडं ठेवून वाळू द्या.

सकाळी रिकामा फ्रिज मधल्या नंबरवर चालू करा आणि घड्याळ लावा. दहाव्या मिनिटाला फ्रीझरच्या पत्र्याला ओलं बोट लावा. ते किंचित चिकटायला हवं. अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन नीट पाहा: तळ, दोन्ही बाजू, छत. निरोगी फ्रिजमध्ये सगळीकडे सारखी, खडू फिरवल्यासारखी पांढरी झाक येते. एकाच कोपऱ्यात, जिथे बारीक नळी पत्र्यात शिरते तिथे, बर्फ जमतोय आणि उरलेला पत्रा नुसता ओलसर किंवा कोरडा आहे, असं तासाभरानेही दिसलं तर गॅस खरंच कमी आहे. कमी गॅस पहिल्या एकदोन वळणांतच उकळून संपतो, पुढच्या वळणांना काही उरत नाही. थर्मोस्टॅटची (थंडी पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या डबीची) सेन्सर नळी बहुधा शेवटाकडे बसवलेली असते. ती थंड होतच नाही, म्हणून कॉम्प्रेसरला 'थांब' म्हणणारं कोणी उरत नाही. कोपऱ्यात ढीग, खाली गरम आणि यंत्र अखंड चालू, हे चित्र तुमच्या वर्णनाशी जुळू शकतं.

पण झाक सगळीकडे सारखी आली, तर गॅस पुरेसा आहे. मग मेकॅनिकला नम्रपणे नाही म्हणा आणि पुढचं पाहा.

काहीच झाक नाही, कॉम्प्रेसर हात लावू देत नाही इतका तापलाय आणि मागची जाळी गार, तर गॅस पूर्ण गेलाय किंवा कॅपिलरी (पत्र्यात शिरणारी ती बारीक नळी) चोक झालीय. झाक येते, चार तासांत नाहीशी होते, फ्रिज बंद ठेवून सुरू केला की पुन्हा येते, असा खेळ चालला तर आत ओल गेलीय. पाण्याचा कण कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो आणि वितळतो. असं दुखणं बहुतेक वेळा आधी कुणी घाईत गॅस भरलेला असतो तिथे निघतं.

झाक सारखी असूनही फ्रिज थांबत नसेल तर माझा पहिला संशय दाराच्या रबरावर. वर बर्फ फार आणि खाली गरम, यात बर्फाचं पाणी कुठून आलं हा प्रश्न आधी विचारायचा. ते बाहेरच्या हवेतून येतं. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. ओढताना अडखळायला हवी. असं चारही बाजूंनी वीत-वीतभर अंतरावर करा. बिजागरीकडची बाजू आणि खालचा कोपरा सोडू नका, हवा तिथूनच शिरते. रात्री दिवे मालवून चालू टॉर्च आत ठेवा आणि दार लावा. फटीतून उजेड दिसला की जागा सापडली. रबर आधी कोमट साबणपाण्याने धुवा. लोणच्याचं तेल आणि दुधाचे ओघळ साचून ते कडक होतं. दबलेल्या जागी गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं धरून रबर बोटांनी बाहेर ओढा. चिरलं असेल तर मॉडेल नंबर सांगून नवं आणा. घडी पडून आलेलं नवं रबर बसवण्याआधी दहा मिनिटं गरम पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर घडीच्या जागी कायमची फट राहते. फ्रिजचे पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे अर्धवट ढकललेलं दार आपल्या वजनाने लागतं.

फ्रीझरचं आतलं छोटं झाकण तुटलंय का तेही बघा. पोरं बर्फाचा गोळा काढताना ते हमखास मोडतात आणि मग कुणी बसवत नाही. त्या झाकणाशिवाय दर वेळी दार उघडलं की ओली हवा थेट थंड पत्र्यावर. घरात कूलर चालत असेल तर आणखी जास्त. कूलरमुळे खोली गार होते हे फ्रिजच्या मागच्या जाळीला फायद्याचं, पण त्याची दमट हवा बर्फ वाढवते. माझ्या मते फायदाच जास्त आहे, फक्त बर्फ दर आठवड्याला काढावा लागेल. बर्फ बोटाच्या अर्ध्या जाडीइतका झाला की थर्मोस्टॅटच्या मधलं बर्फ वितळवायचं लाल बटण दाबायचं, ढिगाची वाट पाहायची नाही.

खाली गरम राहण्याचं आणखी एक साधं कारण. एका दाराच्या फ्रिजमध्ये पंखा नसतो. थंड हवा जड असते म्हणून फ्रीझरखालच्या ट्रेच्या कडेने आपोआप खाली उतरते. ट्रेमध्ये पिशव्या कोंबल्या किंवा जाळीच्या कप्प्यांवर पेपर नाहीतर प्लास्टिकची चटई अंथरली की ती वाट बंद. घर टापटीप दिसतं आणि दूध नासतं.

आता सेन्सर नळी. थर्मोस्टॅटच्या डबीतून एक केसासारखी बारीक तांब्याची नळी निघते आणि तिचं टोक फ्रीझरच्या पत्र्याला चिमटीने दाबून बसवलेलं असतं. धुताना, पुसताना चिमटी सैल झाली की टोक हवेत लोंबतं. पत्रा उणे पंधरावर गेला तरी टोकाला ते कळत नाही. टोक पूर्ण टेकवून स्क्रू आवळा, निम्मं काम तिथेच होतं. टोक जागेवर असूनही सगळ्यात कमी नंबरवर कॉम्प्रेसर तासभर थांबत नसेल आणि फ्रीझर कडक गोठलेला असेल, तर थर्मोस्टॅटचे आतले पॉइंट चिकटलेत. तो बदला, स्वस्त भाग आहे. उलट नळी चिरून थर्मोस्टॅटमधला गॅस गेला तर फ्रिज सुरूच होत नाही. म्हणजे अखंड चालणाऱ्या फ्रिजमध्ये ती फुटलेली नाही, एवढं नक्की.

आतला दिवा दार लावल्यावर विझतो का ते मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवून पाहा. जुना १५ वॅटचा बल्ब दिवसरात्र जळत असेल तर तुम्ही फ्रिजमध्ये छोटी शेगडीच ठेवलीय.

मागची बाजू. भिंतीपासून किमान वीतभर, बाजूंनी चार बोटं जागा हवी. जाळी मागे दिसत नसेल तर ती बाजूच्या पत्र्यांच्या आत असते, म्हणून बाजू गरम लागणं योग्यच. अशा फ्रिजवर घोळदार कव्हर घालणं म्हणजे त्याला उन्हाळ्यात घोंगडं पांघरणं. तुरीची किंवा सोयाबीनची चुंगडी त्याला टेकवून ठेवू नका. कापूस घरात साठवत असाल तर रुईचे तंतू जाळीवर आणि कॉम्प्रेसरभोवती नमद्यासारखे बसतात. पिन काढून मऊ ब्रशने वरून खाली झाडा, पाणी मारू नका. उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही त्याच वेळी दिसेल. पश्चिमेची भिंत आणि चुलीची बाजू टाळा. टिनाच्या घरात नुसती भिंत बदलूनही फरक पडतो.

बाटल्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण हा हिशेब कुणी करत नाही. टाकीचं ४० अंशांचं एक लिटर पाणी ८ अंशांवर आणायला सुमारे १३४ किलोजूल उष्णता काढावी लागते. छोट्या फ्रिजला त्यासाठी पाव तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. दहा बाटल्या एकदम घातल्या तर जवळजवळ तीन तास, तेही दुसरं काही न करता. बर्फ करायचा असेल तर एका लिटरला तासभर. लग्नसराईत पाहुणे आले की दिवसभर बाटल्या बदलत राहतात आणि मग 'फ्रिज थांबत नाही' अशी तक्रार येते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी २७-२८ अंशांपर्यंत आपोआप येतं. बाटल्या माठातून भरा, त्या गार करण्याचं चाळीस टक्के काम वाचतं.

आता लाईन. खेड्यात हे सोडून चालत नाही. ओलिताच्या दिवसांत पंप सुरू झाले की डीपीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं. कॉम्प्रेसरची सुरू होण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: २३० ऐवजी १७० मिळाले तर ताकद ५५ टक्केच उरते. मग तो गुरगुरतो, पाचदहा सेकंदांनी 'टक्' करून ओव्हरलोड (कॉम्प्रेसरला वाचवणारा स्विच) वीज तोडतो, दोनतीन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो. बाहेरून वाटतं फ्रिज चालू आहे, प्रत्यक्षात तो एकदाही सुरू झालेला नसतो. मीटरचा दिवा अशा वेळी काही सेकंद भराभर लुकलुकतो आणि थंडावतो, त्यावरून ओळखा. फ्रिजच्याच बोर्डावर मल्टिमीटर लावून संध्याकाळी सात वाजता मोजा, दुपारी बारा वाजता मोजून उपयोग नाही. स्टॅबिलायझर घ्याल तर तीन मिनिटं उशिरा चालू होणारा घ्या. लाईन गेली की पुन्हा आल्या आल्या फ्रिज सुरू होऊ देऊ नका, नळ्यांतला दाब समसमान व्हायला तेवढा वेळ लागतो. सहा तास लाईन गेल्यावर पुढचे चारपाच तास तो सलग चालणार, त्याला दोष देऊ नका. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग करून घ्या, बाकी सगळं नंतर.

दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजबद्दल एवढंच: २४ तास बंद करून दारं उघडी ठेवा. सुरू केल्यावर पाचसात दिवस छान चालून पुन्हा बिघडला, तर मागच्या पॅनेलआड बर्फाची भिंत होतेय, म्हणजे डिफ्रॉस्टचा (बर्फ वितळवण्याचा) हीटर, बायमेटल, थर्मल फ्यूज किंवा टायमर यांपैकी काहीतरी गेलंय. हीटर मीटरने तपासताना २३० च्या वर्गाला वॅटने भागा. १५० वॅटचा असेल तर सुमारे ३५० ओहम दिसायला हवेत. यातही गॅसचा संबंध नाही.

आणि परीक्षेत झाक एका कोपऱ्यातच आली, तर गॅसचं काम करून घ्यावंच लागेल. ते कसं होतंय यावर मात्र उभं राहून लक्ष ठेवा. कॉम्प्रेसरवर किंवा मागच्या पाटीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. आर-१३४ए असेल तर गळतीच्या जागी तेलकट डाग सापडतो. आर-६००ए असेल तर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असतं. हा पेट घेणारा गॅस आहे, म्हणून काम अंगणात, चूल-शेगडीपासून लांब, आणि टाका मारण्याआधी आतला गॅस बाहेर मोकळ्यावर सोडून. गळती शोधायला दाब नायट्रोजनचा द्यायचा. ऑक्सिजनचा सिलिंडर लावताना दिसला तर काम तिथेच थांबवा: आतल्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. आर-६००ए मध्ये चालू फ्रिजच्या सक्शन बाजूचा (कॉम्प्रेसरकडे गॅस परत येतो त्या बाजूचा) दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे साबणाचा फुगा येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून 'फेस लावून पाहिला, गळती नाही' हे चालू फ्रिजवरचं वाक्य मानू नका.

गळती बुजवल्यावर नवा फिल्टर ड्रायर (आतली ओल शोषणारा भाग), मग पंपाने किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम. फ्रिजचाच कॉम्प्रेसर चालवून हवा काढणं म्हणजे व्हॅक्यूम नाही. ओल तिथेच राहते आणि वर सांगितलेला गोठण्या-वितळण्याचा खेळ सुरू होतो. गॅस डिजिटल काट्यावर तोलून भरायचा. छोट्या फ्रिजमध्ये आर-६००ए जेमतेम ३० ते ६० ग्रॅम असतो, तिथे पाचदहा ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे मोठी चूक. गळती बाजूच्या पत्र्याआडच्या जाळीत असेल तर ती उघडता येत नाही. तो भाग तोडून मागे वेगळी जाळी बसवतात आणि ते नीट चालतं.

पैसे देण्याआधी फ्रिज दोन तास चालू द्या. फ्रीझरमध्ये चारी बाजूंना झाक आली का पाहा, मग मागे जाऊन कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या जाड नळीला हात लावा. ती गार असावी, दमट दिवसात थोडं दव चालेल. तिच्यावर कॉम्प्रेसरपर्यंत पांढरा बर्फ आला असेल तर गॅस जास्त भरलाय, तो तिथल्या तिथे कमी करून घ्या.